तुझा चिंचोका

पेरांबूर, मद्रास
रविवार, १४ जून १९६४

प्रिय विद्याधर,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू म्हणाला असशील, रत्नाकर अजून आहे तर. दीड वर्षात तुला माझी एक ओळ नाही. दिवाळीचं कार्ड आलं तुझं, मुलाच्या बारशाची पत्रिका आली, दोन्हींना उत्तर नाही. जयवंती म्हणून म्हणून थकली, की अहो, मित्राला चार ओळी तरी खरडा. मी म्हणायचो, सवडीने लिहीन. सवड नव्हती अशातला भाग नाही, आमच्या कचेरीत सवडीशिवाय दुसरं काय असतं? पण जे लिहायचं होतं ते लिहवत नव्हतं, आणि ते सोडून बाकीचं लिहायला हात धजावत नव्हता. आज लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. सकाळी नऊपासून टेबलाशी बसलोय. उन्हाळा संपला म्हणतात, पण मनगट कागदाला चिकटतंय. त्यात समोर पाहुणा बसलाय, पेपर चाळतो, मधूनच काहीबाही विचारतो, तेव्हा मजकूर तुटक झाला तर सांभाळून घे. आणि आधी एक विनंती. हे पत्र एकट्याने, मनातल्या मनात वाच. तुझी खोड मला ठाऊक आहे, जेवायच्या पंगतीत घरची पत्रंसुद्धा तू सगळ्यांना ऐकू जातील अशी वाचायचास. या खेपेला वहिनींनी विचारलं तरी तेवढं टाळ. का, ते शेवटी सांगतो.

अंबुजाक्का गेल्याचं तुला एव्हाना कळलं असेल. वैशाखात गेल्या. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्याशी उभ्या होत्या त्या खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. तू पाच वर्षं जेवलास त्यांच्या हातचं, मी नऊ. माझं लग्न झाल्यावरही रविवारचं जेवण तिकडेच असायचं. जयवंतीने त्यावरून टोमणे पुष्कळ मारले, पण उडदाच्या पिठाचं डांगर मात्र त्यांच्याकडूनच शिकून घेतलं. आठवतं ना तुला, पंचावन्न साली आपण दोघे सडेफटिंग, तू आवडी गावच्या लष्करी डेपोत, मी इथे रेल्वेच्या कचेरीत, आणि हॉटेलांतलं खाऊन पोटाचं वाटोळं झालेलं. एका बोळातून जाताना खिडकीतून कुणीतरी मराठीत कावळ्याला शिव्या घालत होतं. आपण जागच्या जागी थांबलो. तू हसलास आणि म्हणालास, ही तर बखरीतली भाषा. त्यांनी ते ऐकलं आणि खिडकीतूनच सुनावलं, की आम्ही राजांबरोबर तंजावरास आलो, तुम्ही बदलीच्या कागदाबरोबर आलात, तेव्हा हसायचं कुणी कुणाला? आणि त्याच दमात विचारलं, जेवलात का. ताटावर हात आडवा धरून ‘पोदुम, पोदुम’ म्हणायला आपण तिथेच शिकलो. पुरे म्हणायचा हा तमिळ शब्द त्यांना जन्मात कधी ऐकू आला नाही.

त्यांच्याच घरी आपल्याला सुब्बा भेटला. त्यांचा एकुलता एक मुलगा, बापामागे वाढलेला, मुदलियारच्या लाकडाच्या वखारीत रोजंदारीवर ओंडके उचलणारा. जेवताना बोलायचा नाही, पण रविवारी हात धुऊन झाले की दारात घुटमळायचा. शेवटी अक्काच म्हणाल्या, की अरे, खेळ बघायला जा ना त्याच्याबरोबर, तोंडाने विचारणार नाही तो. म्हणून आपण गेलो. व्यासरपाडीच्या फाटकाजवळचं ते लाल मातीचं मैदान, आणि दोन खांबांमध्ये हा मुलगा. घरात पाण्याचा तांब्या सांडणारा, मैदानात मात्र चेंडू येण्याआधीच तिथे पोचलेला असायचा. तू पुण्याचा, मी मिरजेचा, फुटबॉलशी आपला संबंध शाळेतल्या रबरी चेंडूएवढा. पण त्या दिवसापासून आपण दोघे फाटकाजवळच्या कठड्यावर बसायला लागलो आणि तमिळमध्ये ओरडायला शिकलो. कचेरीतलं तमिळ मला अजून जमत नाही, पण रेफरीला घालायच्या शिव्या बिनचूक येतात.

संघ मुदलियारचा होता हे तुला सांगायला नको. सत्तावन्न साली जावयाने त्याला सिनेमाच्या थिएटरचं वेड लावलं आणि एका रविवारी खेळ संपल्यावर त्याने सांगून टाकलं, की आजपासून संघ बंद, गोलाचे खांबसुद्धा वखारीत परत न्यायचे. ज्याला हौस असेल त्याने सहाशे रुपये द्यावेत आणि जर्सी, दोन चेंडू, खांब, लीगमधली जागा सगळं घेऊन जावं. कठड्यावर सगळे बसून राहिले. तू उठून उभा राहिलास. तुझ्या त्या उभं राहण्याचा मला तेव्हा राग आला होता, खरं सांगतो. महिन्याला दीडशे रुपये मिळवणारा माणूस सहाशे रुपयांसाठी उभा कसा राहतो? पण तू म्हणालास, एकट्याने नाही, सगळ्यांनी मिळून. पंधरा दिवसांत सत्तेचाळीस जण जमले. वर्कशॉपमधले फिटर, दोन टपालवाले, इडलीच्या गाडीवाला, शाळामास्तर वेंकोबाराव. कुणी एकदम पैसे दिले, कुणी बायकोच्या नकळत. आणि त्या दिवसापासून आम्ही सत्तेचाळीस जण मालक झालो. विद्याधर, कचेरीत मला हाक मारायला साहेब बोटाने टेबल वाजवायचा. रविवारी कठड्यावर मी मालक असायचो. ही चैन तुला कळणार नाही, कारण तुला कुणी टेबल वाजवून कधी बोलावलंच नाही.

मालक झालो खरे, पण सत्तेचाळीस मालकांनी निर्णय घ्यायचा कसा? तेव्हा वेंकोबारावांनी त्यांच्या घरातली पितळी घागर आणली. चोळ राजांच्या काळी गावातली निवड घागरीत टाकलेल्या ताडपत्रांतून व्हायची, असं त्यांनी कुठल्याशा देवळाच्या भिंतीवर वाचलं होतं, आणि मास्तरांनी वाचलेलं कुणी खोडून काढायचं नाही असा आपला रिवाज. ताडपत्रं कुठून आणणार, म्हणून चिंचोका आणि कवडी. प्रत्येकाला एक चिंचोका, एक कवडी. चिंचोका म्हणजे होय, कवडी म्हणजे नाही. घागरीच्या तोंडावर ओला पंचा, त्याखालून मूठ आत घालायची, हवं ते सोडायचं, उरलेलं शेजारच्या पोत्यात. कुणी काय टाकलं ते कुणाला कळायचं नाही. जर्सी हिरवी की पिवळी यावर घागर, मध्यंतरात लिंबू की संत्रं यावर घागर. एकदा अकरा खेळाडूसुद्धा घागरीने निवडले आणि त्यात दोन गोलकीपर निघाले, तेव्हा मास्तर गंभीरपणे म्हणाले होते, पाचामुखी परमेश्वर. परमेश्वराला फुटबॉल कळत नसावा असं तू म्हणालास आणि तीन आठवडे ते तुझ्याशी बोलले नाहीत. खेळाडूंना मात्र मत नाही, हा नियम माझा. स्वतःच्या निवडीवर स्वतः मत कसं द्यायचं, असा माझा युक्तिवाद होता. सगळ्यांनी वाहवा केली होती.

तुझा नियम त्यानंतरचा. साठ साली तुझी खडकीला बदली झाली. घागरीवर तुझा जीव, सोडवेना. म्हणून तूच ठरवून घेतलंस, की बाहेरगावी गेलेल्या मालकाने कार्डावर आपलं मत कळवावं आणि त्याच्या विश्वासातल्या माणसाने त्याच्या वतीने मूठ घालावी. कार्ड कुणाला दाखवायचं नाही, नाहीतर गुप्तता कसली? विश्वासातला माणूस कोण, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. उंटावरून शेळ्या हाकायची तुझी सोय झाली म्हणून मी तुला स्टेशनवर चिडवलं होतं. पहिलं वर्षभर तुझी कार्डं येत होती आणि मी इमानाने तुझा चिंचोका नाहीतर कवडी टाकत होतो. नव्या चेंडूला तू होय म्हणालास, गणवेशाच्या मोज्यांना नाही. मोज्यांवर माझं मत तुझ्या उलट होतं. एक मूठ माझी, एक तुझी, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकायच्या. मला त्याची गंमत वाटायची.

मग एकसष्टच्या एप्रिलमध्ये ती गोष्ट आली. बंदराकडच्या एका रंगाच्या कंपनीला सुब्बा हवा होता. तिचा संघ मोठा, खेळाडूंना कायमची नोकरी, राहायला दोन खोल्या, आजारपणात डॉक्टर. सुब्बा चोवीस वर्षांचा, वखारीतल्या ओंडक्यांनी खांदे सोललेले, आई दहा माणसांचा स्वैपाक एकटीने उपसणारी. पण संघ बदलायचा तर जुन्या मालकाने महिनाअखेरीच्या आत मोकळं करतो असा कागद द्यावा लागतो. जुना मालक म्हणजे आम्ही. तेवीस एप्रिलच्या रविवारी घागर ठरली. आदल्या दिवशी अक्कांनी मला दारात थांबवलं. विनवण्या करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एवढंच म्हणाल्या, रत्नाकरा, तुझ्या हाती दोन आहेत म्हणे. मी म्हणालो, हो अक्का, माझं आणि विद्याधरचं. त्यांनी मान हलवली आणि ताटात न विचारता आणखी एक वाटी आमटी ओतली. मी पोदुम म्हटलं नाही.

त्या रविवारी सत्तेचाळीस मुठी पडल्या. सुब्बा बाहेर वडाखाली सायकलच्या कॅरिअरवर बसून होता, कारण खेळाडूला मत नाही. मास्तरांनी पंचा काढला, घागर चटईवर पालथी केली आणि वेगवेगळे ढीग केले. चिंचोके तेवीस. कवड्या चोवीस. तुला तेव्हा कळवलं होतं मी, आणि तुझं उत्तर आलं होतं, एका मताने हरलो, फार वाईट वाटलं. त्या वेळी जे कळवलं नाही ते हे, की निकाल ऐकून एकही माणूस आनंदाने ओरडला नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. पुढे वर्षभरात एकेकटा भेटला की बोलायचा. टपालवाला म्हणाला, मला वाटलं बाकीचे सोडणारच आहेत त्याला, निदान आपली एक कवडी तरी त्याला ठेवून घ्यावी म्हणणारी असू दे. इडलीवाला हेच म्हणाला. असे सहा-सात जण तरी भेटले. सुब्बावर जीव होता म्हणून कवडी, असं प्रत्येकाचं. एवढ्या मायेच्या माणसांनी मिळून त्याचा गळा आवळला, आणि गळ्यावर नेमकी कुणाची बोटं होती ते शोधायची सोय नव्हती, कारण घागर गुप्त.

माझी बोटं मात्र मला ठाऊक आहेत. तुझं कार्ड शनिवारीच आलं होतं. तुझ्या त्या ठसठशीत अक्षरात दोन ओळी. ‘सुब्बाला जाऊ द्या. घरदार होईल त्याचं. चिंचोका.’ सदऱ्याच्या खिशात ते घेऊन मी रांगेत उभा राहिलो. माझ्या नावाची मूठ घातली, कवडी सोडली. ते माझं मत होतं, चुकलं असेल, पण माझं होतं. त्याच्याशिवाय संघ पहिल्या डिव्हिजनमध्ये महिनाभर टिकला नसता, आणि संघाशिवाय मला रविवार नव्हता. मग मास्तरांनी तुझं नाव पुकारलं. दुसऱ्यांदा हात पंचाखाली गेला. तळहातात दोन्ही होती. चिंचोका गुळगुळीत, कवडीला दात. अंधारातसुद्धा चुकायचा प्रश्न नाही. मला वाटलं, एवढ्या जणांत एका कवडीने काय होतंय, सुटणारच तो, अक्कांना काय कळणार आणि तुला तरी काय कळणार. बोटांनी कवडी सोडली. विद्याधर, तुझी कवडी मी टाकली. तेवीस आणि चोवीस यांतला तो फरक तुझा चिंचोका होता, आणि तो मी पोत्यात टाकला.

यावरही मी स्वतःला माफ केलं असतं कदाचित. घडतं माणसाच्या हातून. पण निकालानंतर मास्तर थांबले होते. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी विचारलं, की एकच प्रश्न एका मोसमात दोनदा घागरीत घालायचा नाही हा आपला नियम आहे, पण मुठी घालण्यातच कुणाची काही गफलत झाली असेल तर त्याने आत्ता सांगावं. माझ्या खिशात तुझं कार्ड होतं. उठून उभं राहायचं आणि ते चटईवर ठेवायचं, एवढंच काम होतं. कार्ड बघून त्यांनी ढिगातली एक कवडी उचलून बाजूला केली असती आणि एक चिंचोका ठेवला असता. सुब्बा त्याच संध्याकाळी मोकळा झाला असता. फार तर लोकांनी मला चार शिव्या दिल्या असत्या. मी पायाकडे बघत बसलो. चटईच्या काड्या निघाल्या होत्या, त्या मी मोडत होतो. तू सहाशे रुपयांसाठी उभा राहिलास आणि मला तुझ्या एका कार्डासाठी उठता आलं नाही. मास्तर म्हणाले, बरं तर, पाचामुखी परमेश्वर. बाहेर जाऊन सुब्बाला सांगायचं काम माझ्याकडेच आलं, घरचा म्हणून. तो सायकलवरून उतरला, दोन्ही हातांनी चेहरा पुसला आणि म्हणाला, सगळ्यांनी ठरवलं तर काय करणार. आणि मग मलाच धीर द्यायला म्हणाला, तुमची दोन तर पडलीच ना माझ्याकडे.

त्या संध्याकाळी अक्कांनी मला जेवायला वाढलं. मी जेवलो. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात, मी तर खाल्ल्या घरचा खांब काढून आणला होता. दुसऱ्या आठवड्यात महिना संपला, कंपनीने दुसरा गोलकीपर घेतला. आपण त्या वर्षी डिव्हिजनमध्ये टिकलो, तेवढी तुला मोठ्या उत्साहाने लिहिलेली हकिगत खरी आहे. शेवटच्या सामन्यात बरोबरी हवी होती आणि सुब्बाने दुसऱ्या अर्ध्यात पेनल्टी अडवली. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन फाटकापर्यंत मिरवलं. एक पाय माझ्या खांद्यावर होता. तो हसत होता, मी रडत होतो आणि सगळ्यांना वाटलं, आनंदाने रडतोय.

पुढच्या वर्षी जुलैमध्ये खाली पडून चेंडू कवटाळताना समोरच्याचा बूट त्याच्या उजव्या हातावर पडला. त्या खेळाडूचा काही दोष नव्हता, तो बिचारा दवाखान्यापर्यंत बरोबर आला. तीन बोटं मोडली. जुळली, पण मिटत नाहीत. ज्या हाताने चेंडू धरायचा त्या हाताने आता भाताचा घास धड होत नाही. ओंडके कसले उचलणार, वखारीतलं काम गेलं. कंपनीत असता तर डॉक्टर होता, पगार होता, बसून करायचं काही काम मिळालं असतं. आम्ही मालकांनी काय केलं? घागर ठेवली. सत्तेचाळीस चिंचोके पडले, पहिल्यांदाच एकही कवडी नाही, आणि सर्वानुमते त्याला एक शाल आणि चाळीस रुपये दिले. एकेक करून लोक यायचे बंद झाले. गेल्या वर्षी अकरा खेळाडूंच्या सामन्याला नऊच मालक कठड्यावर होते. लीगमधली जागा गेली. खांब पावसात वाकले होते ते कुणीतरी सरपणाला नेले. वेंकोबारावांची घागर त्यांच्या घरी परत गेली, सून तिच्यात पाणी भरते. कुणाला दोष द्यायचा, सांग. मुदलियार असता तर निदान मुदलियारला शिव्या दिल्या असत्या.

मी सुब्बाला सांगायचं किती वेळा ठरवलं. एकदा त्याच्या हाताला तेल लावून देत होतो तेव्हा. एकदा देवळाच्या पायरीवर. आणि अक्कांना तर शेवटच्या तापातसुद्धा सांगणार होतो, त्यांच्या उशाशी बसलो होतो दीड तास. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, रत्नाकरा, माझ्या लेकराकडे बघ, तुम्ही दोघांनीच तर त्याच्या बाजूने हात घातला होता. मी बघतो म्हणालो. असा माणूस आहे मी. चव्वेचाळीस वर्षांचा झालोय, आणि तीन शब्द बोलायला मला सहाशे मैलांवरचा मित्र आणि कागद लागतो.

आता कारण सांगतो. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही हे तुला ठाऊकच आहे. ते आणणारा बाहेरच्या खोलीत तुझ्या घरचा चहा पीत बसला असेल. तो आत्ता माझ्यासमोर बसलाय. आज संध्याकाळच्या मुंबई मेलचं तिकीट मी काढून दिलंय. इथे त्याला कुणी उरलं नाही, तू खडकीत हेडक्लार्क आहेस, चार ठिकाणी तुझा शब्द चालतो. फाटकावर बसायचं, दार उघडायचं, असं काहीही काम त्याला बघ. इतरांकडे जायला तो तयार नव्हता. तुझं नाव काढल्यावर लगेच हो म्हणाला, कारण तेव्हा तू त्याच्या बाजूने होतास हे तो विसरलेला नाही. तमिळ शाळेत शिकलेला, मराठी त्याला जिभेवर येते, वाचता येत नाही. म्हणून म्हटलं, मोठ्याने वाचू नकोस. तुझं कार्ड सोबत परत पाठवतोय, ते तुझंच आहे. त्याला सांगायचं की नाही ते तू ठरव. एकदा तुझं मत मी ठरवलं होतं, आता माझं तू ठरव. फक्त देवनागरीतली दोन अक्षरं त्याला ओळखता येतात, जर्सीवर रंगवायला मीच कधीतरी गिरवून दिलेलं त्याचं नाव. आत्ता जयवंतीने दिलेला कॉफीचा पेला माझ्यापुढे ठेवायला तो या बाजूला आला, कागदाकडे वाकला, आणि त्या न मिटणाऱ्या बोटाने एकेक ‘सुब्बा’ मोजत खालपर्यंत गेला. मग लाजून हसला आणि म्हणाला, येवढें काय लिहिलेंत अण्णा माझेविशीं, इतकें चांगलें काय आहे माझ्यांत. मी त्याला म्हणालो, आहे रे, बस.

अजून म्हणवून घेऊ देशील तर तुझाच,
रत्नाकर